रेसिपी परगावची, तांदूळ घरचा

भंडारा जिल्ह्यात ज्या घराची धानाची शेती नाही, त्या घरातही वर्षाचा तांदूळ ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा जवळच्या राइस मिलमधूनच येतो. तरीही ईद आली, दावत ठरली, मुलीला बघायला पाहुणे येणार म्हटले की तो तांदूळ कोठीतच राहतो आणि दुकानातून बासमतीची पिशवी येते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. मोबाइलवर पाहिलेल्या रेसिपीत बासमतीच सांगितला आहे, आणि आपल्या तांदळाची बिर्याणी गोळा होते.

गोळा होते हे खरे, पण त्यात तांदळाचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. लांब दाण्यासाठी लिहिलेली कृती आखूड दाण्यावर जशीच्या तशी चालवली, तर दुसरे काय होणार?

चिनोर हा आपल्या पूर्व विदर्भाचा जुना सुवासिक तांदूळ. दाणा बारीक आणि आखूड, शिजला की मऊ. एका घरात रांधला की शेजारच्या घरात कळते. पीक उशिरा हाती येते आणि एकरी उतारा कमी पडतो, म्हणून पेरणारे थोडे. नागपूरच्या संत्र्याला आहे तसे भौगोलिक मानांकन आता ‘भंडारा चिनोर’ या नावालाही मिळाले आहे. असा तांदूळ आपण खिरीपुरता आणि आजारी माणसाच्या मऊ भातापुरता ठेवला आहे.

बिर्याणी म्हणजे लांब दाणा, ही समजूत सगळीकडे नाही. केरळात मलबारच्या मोपला मुस्लिम घरांत बिर्याणी होते ती जीरकशाला किंवा कैमा या बारीक, आखूड दाण्याच्या तांदळाची. तमिळनाडूत अंबूर आणि दिंडिगल ही बिर्याणीसाठी नावाजलेली गावे. तिथे सिरग सांबा वापरतात, ज्याचे नावच जिऱ्याएवढ्या दाण्यावरून पडले आहे. ढाक्यात तेहारी आणि मुर्ग पुलाव चिनीगुरा किंवा कालिजिरा तांदळाचा करतात. यातल्या कोणत्याही गावात कुणी ‘बासमती मिळाला नाही म्हणून हा वापरला’ असे सांगत नाही. उलट तिथल्या जाणत्यांना बासमतीच्या बिर्याणीत मसाला दाण्यात मुरत नाही अशी तक्रार असते. आखूड दाणा रस्सा चांगला पितो, हा त्याचा गुणच आहे.

मग चिनोरची बिर्याणी करायची कशी? बासमतीची नेहमीची रीत अशी: तांदूळ अर्धा तास भिजवायचा, भरपूर उकळत्या पाण्यात सोडायचा, दाण्यात थोडी कणी राहिली की पाणी गाळायचे आणि मसाल्यावर थर लावून दम द्यायचा. लांब दाणा हे सोसतो. चिनोर उकळत्या पाण्यात मिनिटभर जास्त राहिला की फुटतो, आणि गाळलेल्या पाण्याबरोबर थोडा वासही मोरीत जातो. म्हणून गाळण्याची पद्धत सोडून मलबारवाल्यांची धरावी. ते तांदूळ तुपात परततात आणि पाणी मोजून घालतात.

पहिल्या प्रयोगासाठी माप देते. तांदूळ हलक्या हाताने दोन-तीन पाण्यांत धुवावा, पंधरा-वीस मिनिटे भिजवावा आणि चाळणीत दहा मिनिटे पूर्ण निथळू द्यावा. निथळणे टाळू नये. ओला दाणा परतला जात नाही, तो तुपातच चिकटतो. गंजात तूप, दालचिनी, लवंग, वेलची घालून तांदूळ तीन-चार मिनिटे परतावा. दाणे सुटे सुटे हलू लागले की एक वाटी तांदळाला दीड वाटी उकळते पाणी किंवा यखनी घालावी. तांदूळ मागच्या वर्षीचा असेल तर पावणेदोन वाट्या. मीठ आणि लिंबाचे काही थेंब घालून झाकण ठेवावे व आच मंद करावी. पाणी आटले की हा भात शिजलेल्या मटणावर पसरावा, दहा-बारा मिनिटे दम द्यावा, आणि आच बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नये. आखूड दाणा गरम असताना हलवला की मोडतो.

दोन गोष्टींची मात्र खूणगाठ बांधावी. कच्च्या मटणाची बिर्याणी या तांदळाची करू नये, कारण कच्चे मटण दमात पाणी सोडते आणि ते सगळे खालच्या थराचा भात पितो. मटण आधी पूर्ण शिजवून त्याचा रस्सा दाट आटवून घ्यावा. दुसरे, थर चार बोटांपेक्षा जाड नको. वरच्या भाताच्या वजनाने खालचा दबतो. वीस माणसांसाठी करायची तर एका खोल डेगेऐवजी दोन पसरट भांडी बरी.

आता नव्या तांदळाचा प्रश्न. धान कापले जाते दिवाळीच्या आगेमागे, चिनोर त्याच्याही नंतर. मळणी होऊन मिलमधून आलेला तांदूळ काही महिने शिजताना चिकट लागतो. साठवणीत जसजसे दिवस जातात तसतसा दाणा आतून घट्ट होतो, शिजताना त्यातला पिठूळपणा पाण्यात कमी उतरतो आणि तो पाणीही जास्त ओढतो. म्हणून जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो आणि आपल्या दादी-नानी दावतीसाठी एखादे पोते वर्षभर राखून ठेवत. यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, इन्शाअल्लाह. म्हणजे ईदेपर्यंत घरात नवाच तांदूळ असणार. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे पुढची काही वर्षे रमजान कापणीच्या आणखी जवळ येत जाईल. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी यंदाचा पाच-दहा किलो चिनोर पुढच्या ईदेसाठी आजच वेगळा काढावा. कडुनिंबाची वाळलेली पाने घालून डबा घट्ट बंद करावा आणि त्यावर महिना व साल लिहून ठेवावे.

नव्या रेसिपीचा पहिला प्रयोग रमजानात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजा असताना चव घेता येत नाही. खरीच गरज असेल तर जिभेच्या टोकाने चाखून लगेच थुंकून टाकण्याची मुभा उलेमांनी दिली आहे, पण विनाकारण तसे करणे मकरूह मानले आहे. अनोळखी पदार्थ, अनोळखी मसाला आणि चाखायची सोय नाही. त्यात मगरिबची अजान कुणासाठी थांबत नाही. मीठ चुकले तर बोलणी सुनेला बसतात आणि अन्न वाया जाते ते वेगळेच. म्हणून नवे जे काही करायचे ते शाबानमध्ये करून पाहावे. तेही एका वाटीचे. तीन-चार माणसांनी चाखावे, काय कमी-जास्त झाले ते वहीत उतरवावे आणि दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलावी. पाणीही कमी, आचही कमी, तांदूळही वेगळा असे एकदम केले की काय सुधारले आणि काय बिघडले ते कळत नाही.

आपल्याकडे पाककृती तोंडी चालत आल्या. सासू सांगते ‘अंदाजाने घाल’, आणि तो अंदाज तिच्या हातात असतो, आपल्या नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाले. ते घराघरांत पोचले त्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यातली वाटी-चमच्याची नेमकी मापे. आपल्या वहीतही तसेच असावे, आणि वाटी दर वेळी तीच असावी. मोबाइलवरच्या वेळेवर तर अजिबात विसंबू नये. तिथे कांदा दोन मिनिटांत लाल होतो. आपल्या कढईत त्याला वीस मिनिटे लागतात, आणि ती लागू द्यावीत.

बाहेरच्या कृतीत तांदळाखालोखाल फसवते ती मिरची. कृतीत ‘दहा ब्याडगी मिरच्या’ असे लिहिलेले असते. ब्याडगी रंगाला गडद, तिखटाला सौम्य. आपल्याकडे पवनीच्या पलीकडे, नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची येते. तिच्या दहा घातल्या तर मुलांच्या डोळ्यांतून पाणी येईल. तीन-चारपासून सुरुवात करावी, आणि रंग हवा असेल तर तिखट न वाढवता कांदा अधिक परतावा. नवख्या सुनेसाठी आणखी एक सूचना: आपल्याकडच्या वहीत ‘सांबार’ लिहिले असेल तर ती कोथिंबीर आहे, दक्षिणेकडची आमटी नाही. मुंबई-पुण्याहून लग्न होऊन आलेल्या मुली इथे हमखास अडखळतात.

कोकणी घरांच्या माशांच्या कृतींची आपल्याकडे फार आवड. पण त्या पापलेट-सुरमईच्या, ओल्या नारळाच्या आणि कोकमाच्या. आपला जिल्हा तलावांचा. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, गावोगावी आहेत आणि मासा मिळतो तो रोहू, कतला, मरळ, नाहीतर झिंगे. तलावातल्या माशाला कधीकधी चिखलाचा वास येतो. तो माशाच्या शिळेपणाचा नसतो. साचलेल्या पाण्यातले काही सूक्ष्म जीव एक वासाचा पदार्थ तयार करतात आणि तो माशाच्या मांसात उतरतो. आंबटाने हा वास कमी होतो. म्हणून कोकम नाही म्हणून हळहळू नये. चिंचेचा दाट कोळ किंवा उन्हाळ्यात कच्चा आंबा हे काम चांगले करतात. तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंच वीस मिनिटे लावून ते पाणी टाकून द्यावे, मग मसाल्यात सोडावे. ओल्या नारळाऐवजी भाजलेला सुका खोबरा-खसखस वाटण चालते, फक्त रस्सा थोडा पातळ ठेवावा. एक काळजी मात्र हवी. भंडारा पितळी भांड्यांचे गाव आहे आणि पुष्कळ घरांत जुनी पितळी भांडी अजून वापरात आहेत. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेचा रस्सा करू नये.

इफ्तारच्या वड्या-भज्यांत आपल्या भागात हरभऱ्याच्या जागी लाखोरीची डाळ सहज येते. उभ्या धानात पेरलेली लाखोरी साधारण याच दिवसांत निघते, स्वस्त असते आणि तिचे वडे खुसखुशीत होतात. मात्र नवी कृती बसवताना हा बदल डोळे मिटून करू नये. या डाळीतल्या एका विषारी घटकामुळे, दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच जगलेल्या लोकांचे पाय लुळे पडले होते. १९६१ मध्ये केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी आणली ती त्यामुळेच. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठवावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला, आणि कमी विषारी वाण पुढे आले. रतन, प्रतीक आणि महातिवडा ही त्यांची नावे. मिसळीच्या जेवणात कधीमधी लाखोरी खाणे वेगळे आणि महिनाभर रोज इफ्तारला तिचेच वडे खाणे वेगळे. करायचेच तर डाळ गरम पाण्यात काही तास भिजवावी, ते पाणी फेकून द्यावे आणि पुन्हा धुवावी. विष त्याने कमी होते, पण पूर्ण जात नाही. रोजच्या भज्यांना हरभऱ्याचे बेसनच ठेवावे.

पुन्हा चिनोरकडे येते, कारण या सगळ्यात त्याचीच काळजी जास्त वाटते. सरकार धान विकत घेते ते दोनच प्रकारांत, सर्वसाधारण आणि ‘अ’ दर्जा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला अनुक्रमे २,३६९ आणि २,३८९ रुपये आहे. सुवासाला वेगळा भाव नाही. कमी उतारा देणारा धान शेतकऱ्याने मग कुणासाठी पेरायचा? त्याला जास्तीचा दाम देणारे गिऱ्हाईक म्हणजे आपणच, दावतीला बासमतीची पिशवी आणणारे. मोठ्या दावतीत एकदम बदल नको वाटत असेल तर फिरनीपासून सुरुवात करावी. मिलमध्ये चिनोरची कणी अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळते, आणि फिरनीला तांदूळ भरडून घ्यायचाच असतो. एक लिटर दुधाला चार-पाच चमचे कणी पुरते. ती अर्धा तास भिजवून हाताने चुरावी, दूध उकळल्यावर थोडी थोडी सोडावी आणि तळाला लागू न देता सतत ढवळत राहावे. साखर शेवटी घालावी. वेलची बेताचीच टाकावी, नाहीतर चिनोरचा वास दबून जातो.