कलमांची सोयरीक

मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलखांत ज्याच्या परड्यांत हापुसाचें एखादेंही कलम नाहीं असें घर विरळा. परंतु तें झाड एक नसून दोन आहेत, ही गोष्ट आमच्या बालवाचकांपैकीं कितीजणांच्या ध्यानांत आली असेल? मातीखालीं आहेत तीं मुळें रायवळाचीं. वर पसरल्या आहेत त्या फांद्या हापुसाच्या. दोन निराळे जीव एका देहांत पन्नास-पाऊणशें वर्षें संसार करितात तो कसा, आणि वाटेल त्या दोन झाडांचा असा संसार कां होत नाहीं, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

मुळांत हा खटाटोप तरी कशाला? हापुसाची कोय पेरिली तर त्या झाडाला हापूसच येईल असा भरंवसा नाहीं. परागाच्या वाटेनें दुसऱ्या आंब्याचा अंश तींत आलेला असतो. म्हणून जें झाड उत्तम ठरलें त्याचीच काडी घेऊन दुसऱ्याच्या मुळावर बसवावी लागते. आंब्याचीं कलमें बांधण्याची ही विद्या पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत विशेष वाढीस लागली. हापूस हें नांवही आफोन्सो या पोर्तुगीज नांवावरूनच आलें आहे.

कोंकणांत आज कोय कलमाची रीत फार चालते. पावसाळ्याच्या आरंभीं रायवळाच्या ताज्या कोयी रुजत घालितात. रोप सुमारें पंधरा दिवसांचें झालें व पानें अजून तांबूस आहेत, तोंच त्याचा शेंडा छाटून देंठास उभी चीर देतात. फळत्या हापुसाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरेसारखी तासून त्या चिरेंत बसवितात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनें घट्ट बांधितात. साल व काष्ठ यांच्यामध्यें एक अत्यंत पातळ, सजीव थर असतो. नव्या पेशी तेथेंच जन्मतात. खुंटाचा थर व काडीचा थर एकमेकांस भिडले म्हणजे नव्या पेशींनीं मधली फट भरते, आणि पुढें त्यांतूनच पाणी व अन्नरस वाहणाऱ्या नलिका जोडल्या जातात. माड आणि पोफळ यांच्या खोडांत असा थरच नाहीं. म्हणून शहाळें कितीही गोड असलें तरी त्या माडाचें कलम बांधतां येत नाहीं!

थर भिडले तरी गोत जुळावें लागतें. आंब्यावर आंबा, काजूवर काजू, हें निर्धोक. वेंगुर्ल्यास १९५७ सालीं निघालेल्या फळसंशोधन केंद्रानें निवडलेल्या काजूच्या जाती अशा कलमांनींच बागांतून पसरल्या. जात वेगळी असूनही जुळल्याचें सुंदर उदाहरण चिकूचें. तो मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेंतला. पण आपल्याकडील खिरणीच्या खुंटावर तो सुखानें नांदतो, कारण दोघेही जवळचे भाऊबंद. उलट आंबा व काजू यांस वनस्पतिशास्त्रज्ञ एकाच कुळांत घालितात, तरी त्यांचें टिकाऊ कलम होत नाहीं. दूरचें नातें येथें उपयोगी पडत नाहीं.

याहून फसवी जोडी म्हणजे आरंभीं जुळणारी. पाश्चात्य देशांत नासपातीचें कलम बिही नामक फळझाडावर करितात. परंतु नासपातीच्या कांहीं जातींना बिहीच्या रसांतील एक द्रव्य सोसत नाहीं. सांध्याशीं त्याचें विष बनून पेशी मरतात, आणि वरून हिरवेंगार दिसणारें झाड कांहीं वर्षांनीं सांध्याशींच मोडतें. तेथील माळी यावर युक्ति करितात: दोघांशींही पटणाऱ्या तिसऱ्या जातीचा तुकडा मधें घालितात. आमच्याकडे लग्नें जुळविणारे मध्यस्थ याहून निराळें काय करितात?

जुळलेल्या कलमांतही खुंटाचा स्वभाव अगदींच लोपत नाहीं. दक्षिणेंतील वेल्लैकोलंबन नांवाच्या आंब्याच्या खुंटावर बांधिलेला हापूस ठेंगणा राहतो. आणि आमच्या गांवीं ‘हापूस लाविला, पण रायवळ झाला’ अशी जी तक्रार ऐकूं येते, तिचें कारणही पुष्कळदां खुंटांतच असतें. सांध्याखालून फुटलेला कोंब हा रायवळाचा. तो जोमानें वाढतो, मुळांचा रस आपणाकडे ओढतो, आणि हापुसाची फांदी हळूहळू वाळते. पांच-सहा वर्षें पाणी घालून, राखण करून पहिला आंबा हातीं येतो तेव्हां घरच्यांस तें कळतें. म्हणून नवें कलम लाविल्यावर सांधा मातीच्या वर ठेवावा, आणि त्याच्या खालीं कोंब दिसतांच तो कोंवळा आहे तोंच मुळाशीं खुडावा. हें काम घरांतील मुलांनाही सहज करतां येईल.