नंदुरबारचे शेजारी कोण?

नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातले १४.८५ टक्के लोक गरीब होते. नंदुरबारमध्ये मात्र निम्म्याहून जास्त. राज्याच्या नकाशात हा जिल्हा कोपऱ्यात एकटाच पडल्यासारखा दिसतो. पण नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशातलं अलीराजपूर लागतं. तिथे हेच प्रमाण ७१ टक्के होतं, आणि शेजारच्या बडवानीतही निम्म्याहून जास्त. सातपुडा-नर्मदेचा हा सलग आदिवासी पट्टा आहे.

शेजारी जिल्हे एकमेकांसारखे आहेत का, हे पॅट्रिक मोरान यांनी १९५० मध्ये मांडलेल्या सूत्राने मोजतात. उत्तर अधिक एककडे झुकलं तर गरिबी पुंजक्यांत आहे. शून्याच्या आसपास असेल तर तसा काही साचा नाही. ल्युक अन्सेलिन यांच्या १९९५ मधल्या पद्धतीने पुंजका नेमका कुठे, तेही कळतं. मात्र शेजारी कोणाला म्हणायचं, हे आधी आपणच ठरवायचं असतं. राज्याच्या हद्दीवर थांबलो, तर नंदुरबारचे सर्वांत महत्त्वाचे शेजारीच गळतात.

जिल्ह्याची सरासरीही फसवी. तापीखोऱ्यातला बागायती शहादा आणि डोंगरातलं धडगाव एकाच आकड्यात मिसळतात. धडगावच्या पाड्यांसाठी योजना आखायची, तर आकडे तालुकावार हवेतच.