अर्ध्या पगाराचे दिवस

"निलंबन ही शिक्षा नव्हे," असे कायदा म्हणतो. हे वाक्य मी घरी वाचून दाखवले तेव्हा आमची सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "मग काय, दिवाळीची बक्षिसी म्हणायची?"

२०१७ सालच्या जून महिन्यात कचेरीतली एक फाईल सापडेना, आणि निलंबनाचा लखोटा माझ्या हाती पडला. चौकशी पुढे व्हायची होती. मी मात्र त्याच दिवशी घरी! शेजाऱ्यांना कळू नये म्हणून चार दिवस डबा घेऊन निघत असे आणि बागेतल्या बाकावर बसून खात असे. पाचव्या दिवशी धाकटीनेच तिथे पाहिले. तिने घरी काही सांगितले नाही, याचेच जास्त वाईट वाटले.

निलंबित नोकराला पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो. प्रारंभी साधारण अर्ध्या पगाराएवढा. त्यासाठी दुसरी नोकरी वा धंदा करीत नसल्याचे लिहून द्यावे लागते. परवानगीवाचून मुख्यालयही सोडता येत नाही.

पूर्वी याहून कठीण प्रकार होता. फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या निलंबित नोकराला, अपील चालू असले तरी, महिना एक रुपया भत्ता देण्याची तरतूद आपल्या राज्याच्या नियमांत होती! १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

माझे आरोपपत्र आठ महिने आलेच नाही. वरिष्ठांकडे केलेल्या अपिलालाही उत्तर नाही. अखेर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची पायरी चढलो. राज्य सरकारच्या नोकरांची अशी गाऱ्हाणी १९९१ पासून तिथे चालतात. वकीलसाहेबांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल पुढे ठेवला: तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे चालवू नये, दिले असेल, तर मुदतवाढीची कारणे लिहून द्यावीत.

मला कामावर घेण्याचा हुकूम झाला. चौकशी थांबली नाही, आणि थांबावी असे मलाही वाटत नव्हते. तिथेच प्रथम कोणी विचारले, "तुमचे म्हणणे काय?" आठ महिने मी याच एका प्रश्नाची वाट पाहत होतो.

म्हणून वाचकहो, असा लखोटा कुणाच्या घरी आला, तर तारखा टिपून ठेवा, अपील मुदतीत करा. आणि डबा घरीच, चारचौघांत बसून खा.