स्लॅब गळतोय, पण कर्ज नको : घरदुरुस्तीचा हिशेब आम्ही असा मांडला

आळंदीत एका गुंठ्यात आमचं घर आहे. गेल्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. स्वयंपाकघरात बादली, पलंगावर प्लास्टिक. घरात तीन मतं पडली. मुलगा म्हणाला, "अब्बा, मोशीला फ्लॅट घेऊ." भाऊ म्हणाला, कर्ज काढू. अम्मीचं एकच, "साठवलेले पैसे मग कशासाठी?" मिस्त्रीने अंदाज दिला होता २ लाखांचा. शेवटी कागद घेऊन बसलो. बऱ्याच घरांत हाच प्रश्न असतो, म्हणून तो हिशेब इथे देतोय.

घर बदललं तर?
पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत ३० लाखांचा फ्लॅट घेतला तर ७ टक्के मुद्रांक शुल्क २,१०,००० रुपये आणि नोंदणी ३०,००० रुपये. घर बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सूट मिळते. तरीही दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे नुसत्या कागदांवर जातात. फ्लॅटचे पैसे वेगळेच.

कर्ज काढलं तर?
२ लाख, १२ टक्के व्याज, ३ वर्षं : महिन्याला साधारण ६,६४३ रुपये हप्ता, म्हणजे ३९ हजारांच्या वर व्याज. व्याज आपल्याला मना आहे, हे सूरह बकराच्या २७५व्या आयतीत स्पष्ट आहे. शिवाय आमच्याकडे कमावणारे चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे. काम कमी झालं की ब्रेक मिळतो, हप्त्याला ब्रेक नसतो. त्यात गुंठ्यातल्या घराचे कागद बँकेला पटले नाहीत की माणूस सावकाराकडे जातो. 'शेकडा पाच' ऐकायला कमी वाटतं. पण ते महिन्याचं असतं. २ लाखांवर दरमहा १० हजार, आणि मुद्दल तसंच.

बचतीतून, पण सगळी नाही
आमची बचत अडीच लाख. घरखर्च महिन्याला २० हजार. चार महिन्यांचे ८० हजार आधी बाजूला काढले. त्याला हात लावायचा नाही. उरले १ लाख ७० हजार. म्हणून काम तोडून घेतलं : स्लॅबचं वॉटरप्रूफिंग ९० हजार, प्लास्टर आणि वायरिंग ५० हजार. रंगाचे ६० हजार पुढच्या वर्षी.

क्रम महत्त्वाचा. आधी पाणी थांबवायचं, मग प्लास्टर, रंग शेवटी. ओल आत राहिली की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. मग लहान काम मोठं होतं. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करताना उतार पाण्याच्या पाइपाकडेच हवा. किमान सात दिवस पाणी मारायचं. नंतर गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून बघायचं आणि मगच मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्यायचा. हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरकावं.

जकातीचंही लक्षात ठेवा. राहत्या घरावर जकात नाही. पण दुरुस्तीसाठी ठेवलेली रोकड निसाबच्या वर असेल आणि वर्ष पूर्ण झालं असेल, तर त्यावर अडीच टक्के द्यावी लागते.

बचत पुरत नसेल तेव्हा
बीमच्या सळया उघड्या पडल्या असतील, स्लॅब खाली झुकला असेल, तर पैसे साठायची वाट बघू नका. इंजिनिअरला दाखवा, ती खोली रिकामी करा, गरज पडली तर काही दिवस भाड्याने राहा. अशा वेळी नातेवाइकांकडून बिनव्याजी कर्जे हसना घेता येतं. पण ते दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या. लिहिण्याचा हुकूमही त्याच सूरहच्या २८२व्या आयतीत आहे. चिठ्ठी काढून नंबर लावायची भिशीही चालते, कारण जितकं भरलं तितकंच मिळतं. लिलावाच्या भिशीत मात्र गरजू माणूस कमी पैसे उचलतो आणि उरलेले बाकीचे वाटून घेतात. ते व्याजासारखंच झालं, त्यापासून लांब राहा.

यंदा आमच्या भिंती बिनरंगाच्याच आहेत. पाहुणे विचारतात. पण पलंगावरचं प्लास्टिक निघालं, आणि कोणाचा हप्ता द्यायचा नाही. रंग पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह.