मसाज गन : महाग घ्यावी की स्वस्त?

दिवसभर थान उचलणाऱ्याचे आणि मागावर उभे राहणाऱ्याचे खांदे संध्याकाळी दगड होतात. मसाज गनने हा आखडलेपणा काही वेळ हलका होतो. दुखण्याचे मूळ मात्र जात नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

स्वस्त गन दीड-दोन हजारांत मिळते, नामांकित कंपनीची तिच्या दहापट-वीसपट. फरक वेगाचा नव्हे. वीस-तीस स्पीड हा डब्यावरचा मजकूर. खरा फरक ठोक्याच्या खोलीचा. ‘थेरागन प्रो’चा ठोका १६ मिलिमीटरचा असतो. स्वस्तातील पुष्कळ गन त्याच्या निम्म्यावरच थांबतात व कातडी थरथरवतात.

दुसरी गोष्ट ताकद. माझी पहिली गन खांद्यावर दाबताच बंद पडे. पैसे गेले ते गेलेच. म्हणून कापड आपण चिमटीत धरून पाहतो, तशी गन दुकानातच मांडीवर जोराने दाबून पाहावी.

मोबाइल ॲपचे पैसे कशाला मोजायचे? १० ते १२ मिलिमीटर ठोका, ब्रशलेस मोटर आणि वर्षाची लेखी वॉरंटी असलेली मधल्या किमतीची गन आपल्या कामास पुरते.

हाडावर किंवा मानेच्या पुढील बाजूस ती लावू नये. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.