यंत्र नवें, संवय जुनी

एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्यावर गेलेल्या मनुष्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते: ‘कालपर्यंत चालत होतें, आज चालत नाहीं.’ पुसण्याची कळ दाबावी तर अक्षर पुसलें न जातां भलत्याच खुणा उमटतात; देवनागरी मजकुराच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते; नेहमींची आज्ञा दिली असतां ‘अशी आज्ञा सांपडत नाहीं’ असें रोकडें उत्तर मिळतें. ज्यांच्या घरचीं मुलें संगणकाच्या व्यवसायांत आहेत, त्या वाचकांच्या कानांवर ही कुरकुर आली असेलच. अशा वेळीं यंत्रास दोष देण्याची घाई होते. परंतु यंत्र क्वचितच बिघडलेलें असतें. बिघडलेला असतो तो संकेत. बोलणारा एका संकेतानें बोलतो, ऐकणारा दुसऱ्यानें ऐकतो, आणि मध्यें अर्थ हरवतो.

हे संकेत इतके निराळे कां, याचें कारण इतिहासांत आहे. संगणकाचा अंतर्गत कारभार पाहणारी युनिक्स ही प्रणाली 1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं आरंभिली. आजची लिनक्स तिच्या वळणाची, तर ॲपलची मॅकओएस तिच्याच वंशांतील आहे. आरंभीं मनुष्याचें यंत्राशीं संभाषण टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर अक्षरें छापणाऱ्या टंकयंत्रावर, होई. पुढें पडद्याचीं टर्मिनलें आलीं. त्यांत 1978 सालचें व्हीटी-100 विशेष नांवाजलें. पण पडदा पुसावा कसा, कर्सर हलवावा कसा, यांचे संकेत प्रत्येक कारखानदाराचे वेगळे होते. म्हणून बर्कले येथें बिल जॉय यांनीं ‘टर्मकॅप’ नांवाचा संकेतकोश रचिला. ‘टर्मिन्फो’ हा त्याचा वारस. आतां तीं यंत्रें गेलीं, आणि पडद्यावरील एक खिडकी त्यांचें सोंग घेऊन बसली आहे. सोंग राहिलें, म्हणून जुनीं भांडणेंही राहिलीं.

दोष शोधावयाचीं स्थानें तीन आहेत. पहिलें स्थान टर्मिनलाचें. ही खिडकी ‘टर्म’ या नोंदींत आपलें नांव सांगते, आणि एसएसएचनें दूरच्या यंत्रावर गेल्यास तें नांवही सोबत जातें. ‘किटी’ ही नवी खिडकी ‘एक्सटर्म-किटी’ असें नांव सांगते. तें तेथील कोशांत नसेल तर संपादक उघडत नाहीं किंवा पडदा विसकटतो. खरा उपाय असा कीं, आपल्या यंत्रावरील नोंद ‘इन्फोकम्प’नें काढून तेथें ‘टिक’नें दाखल करावी. तें साधेपर्यंत ‘एक्सटर्म-256कलर’ हें सर्वपरिचित नांव दिल्यास काम भागतें.

दुसरें स्थान मधल्या द्वारपालाचें. यास टीटीवाय म्हणतात. हें नांवही टेलिटाइपवरूनच आलें. पुसण्याची कळ दाबली असतां कोणी खिडकी 127 हा अंक पाठविते, कोणी 8 पाठविते. द्वारपालास एक अपेक्षित असून दुसरा मिळाला, तर अक्षर जागचें हलत नाहीं. त्याची अपेक्षा ‘एसटीटीवाय -ए’ या आज्ञेनें कळते. ‘एसटीटीवाय इरेज’ असें लिहून पुढें तीच कळ दाबल्यास समेट होतो. पडदा अकस्मात् गोठला, तर बहुधा कंट्रोल-एस दाबली गेलेली असते. कंट्रोल-क्यूनें तो मोकळा होतो. अक्षरेंच वेडींवांकडीं दिसूं लागलीं, तर ‘एसटीटीवाय सेन’ किंवा ‘रीसेट’ ही मात्रा चालते.

तिसरें स्थान शेलचें, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्या दुभाष्याचें. 2019 सालच्या मॅकओएस कॅटॅलिनापासून नव्या वापरकर्त्यास बॅशऐवजीं झेड-शेल मिळतें. तें ‘झेडएसएच-आरसी’ ही फाइल वाचतें. आपली जुनी ‘बॅश-आरसी’ तेथें कितीही निगुतीनें ठेवली तरी तिकडे पाहतही नाहीं. बॅश कायम ठेवलें तरी एक मेख उरते. लिनक्सवरील खिडकी सामान्यतः ‘बॅश-आरसी’ वाचविते. मॅकची खिडकी मात्र प्रत्येक वेळीं नवा प्रवेश समजून ‘बॅश-प्रोफाइल’ वाचविते. आज्ञांचा मार्ग दाखविणारी ‘पाथ’ ही नोंद न वाचल्या गेलेल्या फाइलींत असेल, तर आज्ञा सांपडणार कोठून? देवनागरीची रडकथाही याच घरची. यूटीएफ-8 संकेतांत आपलें प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचें असतें. ‘लँग’ या नोंदींत तो संकेत नसल्यास, किंवा तेथें लिहिलेली भाषा नव्या यंत्रावर बसविलेलीच नसल्यास, प्रश्नचिन्हें उमटतात. ‘लोकेल -ए’ ही आज्ञा तेथें काय उपलब्ध आहे तें सांगते.

तिन्ही स्थानांचा निवाडा करण्यास आपल्या शास्त्रकारांची अन्वयव्यतिरेकाची रीत पुरेशी आहे. झेड-शेल ‘-एफ’ लावून अथवा बॅश ‘--नोआरसी’ लावून सुरू करावें, म्हणजे आपली फाइल वाचली जात नाहीं. दोष गेला तर तो फाइलींत होता. राहिला तर दुसरीकडे पाहावें. मग खिडकी बदलून पाहावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार उपाय एकदम केल्यास गुण आला तरी कशानें आला तें कळत नाहीं.

आतांपर्यंत सांगितलें तें गैरसोयीचें. एक गोष्ट मात्र धोक्याची आहे. रेडहॅट घराण्याच्या लिनक्सच्या पुष्कळ आवृत्त्यांत, सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठीं ‘आरएम’ या पुसण्याच्या आज्ञेस ‘आधीं विचार’ अशी पुस्ती आरंभींच जोडलेली असते. वर्षानुवर्षें तेथें काम केलेल्यास वाटतें कीं, विचारणें हा त्या आज्ञेचा स्वभावच आहे. तोच मनुष्य डेबियनवर बसला कीं ‘आरएम’ मुकाट्यानें पुसून मोकळी होते. तेथें केराची टोपली नाहीं. दुसरी प्रत राखलेली नसेल, तर महिन्यांचें काम क्षणांत जातें. म्हणून नव्या यंत्रावर बसतांच ‘टाइप आरएम’ ही आज्ञा देऊन तिच्यामागें काय दडलें आहे तें पाहावें, आणि मौल्यवान फाइलींची प्रत आधींच अन्यत्र ठेवावी.

पुष्कळ तरुण जुनी आरंभ-फाइल जशीच्या तशी नव्या यंत्रावर आणून टाकतात. त्याहून, कोरी फाइल घेऊन एकेक ओळ तिचा हेतु लिहून उतरावी. जिचें कारण सांगतां येत नाहीं ती मागेंच ठेवावी. यास एक संध्याकाळ लागेल. पण नियम कोणता आणि आपली संवय कोणती, हें त्या संध्याकाळीं स्पष्ट होतें, आणि पुढचें यंत्र बदलण्याची वेळ आली असतां मनुष्य धास्तावत नाहीं.