अँप्लिफायर, स्पीकर आणि मधे कूलर
घरातला नाद : लेखांक 6

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या म्युझिक सिस्टिमवर सोनेरी अक्षरांत ‘5000 वॅट पीएमपीओ’ असं काहीतरी छापलेलं असायचं. ज्या सॉकेटात त्याची पिन खोचायची ते बहुधा 6 अँपिअरचं. 230 व्होल्ट गुणिले 6 अँपिअर म्हणजे जेमतेम 1380 वॅट. मग 5000 यायचे कुठून? डबा उलटा करून मागची पट्टी वाचली की वीजवापर शेकड्याच्याही आत निघायचा. पीएमपीओ हा क्षणार्धापुरता आणि कागदावरचा आकडा, तो सोडून द्यायचा. आपल्या कामाचा तो आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा आकडा, तोही दोन्ही चॅनेल एकदम चालताना किती आणि किती ओहमवर, हे सांगणारा.

पण वॅटच्या आधी स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. आपल्याकडे दुकानात ती कोणी विचारत नाही आणि सारा घोटाळा तिथेच होतो. स्पीकरला 1 वॅट दिला, तर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. घरगुती स्पीकर साधारण 84 ते 92 डेसिबलचे असतात. फरक किरकोळ वाटतो, पण दर 3 डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. 86 चा स्पीकर 92 च्या बरोबरीने वाजवायचा तर अँप्लिफायर चौपट हवा.

आता हे गणित वर्ध्याच्या दिवाणखान्यात आणू. 86 डेसिबलचे दोन स्पीकर, आपण 3 मीटरवर बसलेलो. अंतराने आवाज घटतो, भिंती आणि दुसरा स्पीकर त्यातला काही भरून काढतात. 1 वॅटला कानापाशी साधारण 83 डेसिबल पोचतात असं धरू. गाणं सरासरी 75 वर ऐकायचं, तर पाव वॅटही लागत नाही. मात्र चांगल्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप सरासरीच्या 20 डेसिबल वर उसळू शकते. ती 95 वर स्वच्छ यायला 16 वॅट हवेत. म्हणजे जानेवारीच्या रात्री 25 वॅटचा साधा अँप्लिफायर पुरून उरतो.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि खिडकीत कूलर घरघरू लागतो. त्याचा पंखा आणि ताट्यांवर ठिबकणारं पाणी मिळून खोलीत 60 डेसिबलच्या आसपास गोंगाट उभा राहतो. विलंबित आलापाची सुरुवात त्यात बुडते. हात आपसूक नॉबकडे जातो आणि आपण 6 डेसिबल वाढवतो. आता त्याच थापेला 64 वॅट लागतात, आणि आपला अँप्लिफायर आहे 25 चा. तो थापेचं शिखर छाटून टाकतो.

या छाटण्याला क्लिपिंग म्हणतात. उंच स्वर वाजवणारे छोटे ट्वीटर जळतात ते पुष्कळदा यामुळेच. लहान अँप्लिफायर मोठ्या स्पीकरला धोका देऊ शकत नाही, ही समजूत भलतीच पक्की आहे. प्रत्यक्षात छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले उंच स्वर तयार होतात. खर्जाची शिखरं छाटली गेली तरी वरचे स्वर नॉबबरोबर वाढतच राहतात. हे सगळं येऊन पडतं त्या इवल्या ट्वीटरवर, ज्याची सलग सोसण्याची ताकद काही वॅटच असते. 50 वॅटच्या स्पीकरला 80 वॅटचा अँप्लिफायर लावून समजून वाजवणं, 15 वॅटचा पिळून काढण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. 92 डेसिबलचा स्पीकर घेतलात तर कूलर चालू असतानाही 16 वॅटमध्ये भागतं. ज्या गावात चार महिने कूलर चालतो, तिथे माझं मत सरळ आहे: पैसे आधी संवेदनशील स्पीकरवर घालावेत.

दुसरा आकडा ओहमचा. स्पीकरवर 8 ओहम लिहिलेलं असलं तरी तो विरोध स्वरागणिक बदलतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 8 लिहायचे तर तो 6.4 च्या खाली जाता कामा नये, पण हे सगळेच पाळतात असं नाही. ओहम कमी तितका अँप्लिफायरमधून प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तितकी उष्णता. स्वयंपाकघरातही गाणं हवं म्हणून त्याच टर्मिनलला समांतर दुसरी जोडी लावली, की 8 चे 4 होतात. अँप्लिफायरच्या मागे ‘किमान 6 ओहम’ असं लिहिलं असेल तर हा उद्योग करू नये.

त्यात आपली हवा. अँप्लिफायरची हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा 40 अंशांनी तापते असं समजा. 25 अंशांच्या खोलीत ती 65 वर थांबेल. दुपारी 42 अंशांच्या खोलीत 82 वर. टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबून वर क्रोशाचा रुमाल टाकला असेल तर विचारूच नका. अति तापून आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि मधे संरक्षक रिले नसला, तर थेट डीसी स्पीकरमध्ये जाते आणि व्हॉइस कॉइलही जळते. म्हणून अँप्लिफायरच्या वर वीतभर जागा मोकळी ठेवावी.

जुन्या बाजारात मांडववाल्याचा अँप्लिफायर स्वस्तात मिळतो. मागे 4, 8, 16 ओहम आणि शेजारी 70 व 100 व्होल्ट अशी टर्मिनलं असतात. व्होल्टवाली टर्मिनलं लांबच लांब वायरीसाठी आहेत: महावितरण जसं उच्चदाबाने वीज पाठवतं तसंच हे, आणि प्रत्येक भोंग्यापाशी दाब उतरवायला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घरच्या 8 ओहमच्या स्पीकरला तो नसतो. त्याची वायर 100 च्या टर्मिनलला लागली तर स्पीकर किंवा अँप्लिफायर पहिल्याच गाण्यात जाऊ शकतो. शिवाय असे बरेच अँप्लिफायर मोनो असतात, म्हणजे स्टिरिओसाठी दोन आले.

खरेदीला जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत: खोलीतलं अंतर, स्पीकरची संवेदनशीलता आणि किमान ओहम. स्पीकरच्या वायरीची जाडी पुढच्या लेखांकात.